वहीत ‘नाही’ लिहिलेला तारा

मुलांनो,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकट्याने विचारलं, “आजी, तू शोधलेल्या ताऱ्याला तुझंच नाव दिलं का गं?” थोरलीने सांगितलं की तिने वर्गासमोर उभं राहून माझ्यावर भाषण केलं आणि तिच्या बाई फार खूश झाल्या. मी हसले, तुमच्याकडचा बर्फ वितळला का ते विचारलं, आणि फोन बंद झाल्यावर तशीच खुर्चीत बसून राहिले. मी तो तारा शोधलेला नाही. शोधलाच नाही, असंही सरळ म्हणता येत नाही. माझा सगळा गोंधळ तिथेच आहे.

तुमच्या बाबांना खरं काय ते ठाऊक आहे. ते म्हणाले, “राहू दे ना आई, मुलांना किती आवडलंय.” पण मी जन्मभर मुलांचे पेपर तपासले. चुकीचं उत्तर वर्गात मोठ्याने वाचलं जात असताना गप्प बसणं मला जमत नाही. शिवाय काय आधी घडलं आणि काय नंतर, हे नीट आठवतं आहे तोवर लिहून ठेवलेलं बरं.

मराठीत लिहिते आहे त्याला कारण आहे. इंग्रजी शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे इंग्रजीत लिहायला बसले की माझी वाक्यं इस्त्री केल्यासारखी होतात. ही गोष्ट चुरगळलेली आहे. बाबांना वाचून दाखवायला सांगा. त्यांनी मध्येच काही गाळलं तर थोरलीने पकडावं.

मागच्या खेपेस तुम्ही जव्हारला आलात तेव्हा थोरलीनेच माझ्या लॅपटॉपवर ते पान उघडून दिलं होतं. “आजी, तुला तपासायला काहीतरी हवंच असतं ना, मग हे तपास.” कुठल्यातरी दूरच्या डोंगरावरची दुर्बीण रोज आकाशाची छायाचित्रं घेते. यंत्र आजच्या छायाचित्रातून जुनं छायाचित्र वजा करतं. मग आपल्यासमोर तीन चौकोन येतात: पहिल्यात आजचं आकाश, दुसऱ्यात जुनं, तिसऱ्यात वजाबाकी करून उरलेलं. जगभरातल्या माझ्यासारख्या रिकाम्या माणसांनी सांगायचं की इथे खरोखर काही नवं उगवलं आहे, की यंत्राची फसगत झाली आहे. डावीकडे ‘येस’, उजवीकडे ‘नो’. फार दूरच्या दीर्घिकेत, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहात, एखादा तारा फुटून मेला तर तो काही आठवडे इतका उजळतो की इथून ठिपका दिसतो. त्याला सुपरनोव्हा म्हणतात. बहुतेक वेळा मात्र तो ठिपका कॅमेऱ्यावरचा डाग असतो, किंवा वजाबाकी नीट झालेली नसते.

तुम्ही गेलात आणि मी रोज दुपारी, जेवण झाल्यावर, चाळीस चित्रं तपासू लागले. एक फुलस्केप वही घेतली, पट्टीने रकाने आखले: क्रमांक, तारीख, हो किंवा नाही, शेरा. आधी वहीत लिहायचं, मग बटण दाबायचं. तुमचे आजोबा असते तर म्हणाले असते, “आता आकाशाचीही हजेरी घेणार का?”

त्या सुमारासच दुधाचं प्रकरण झालं. मी दूध गॅसवर ठेवून मागच्या अंगणात कपडे आणायला गेले आणि शेजारणीशी बोलत राहिले. पातेलं जळून काळं झालं, स्वयंपाकघर धुराने भरलं. मावशी वेळेवर आल्या म्हणून निभावलं. मावशी म्हणजे तुम्हाला नागलीची, म्हणजे नाचणीची, गोड भाकरी करून देणाऱ्या, जामसरहून रोज एसटीने येणाऱ्या मावशी. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहेत, पण तुम्ही मावशी म्हणता म्हणून मीही मावशीच म्हणते. त्या मला बाई म्हणतात, कारण जव्हारात सगळेच मला बाई म्हणतात.

मी पातेलं लपवलं. बाबांना ते कळलं कसं, हे मला अजून कळलेलं नाही. त्याआधी एकदा वीजबिल दोनदा भरलं होतं आणि एकदा शेजारणीला तिच्या बहिणीच्या नावाने हाक मारली होती. बाबांनी सगळ्याची बेरीज केली. नाशिकच्या डॉक्टरांची वेळ घेऊन दिली. डॉक्टरांनी मला घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शंभरातून सात सात वजा करायला लावलं आणि सुरुवातीला सांगितलेले तीन शब्द शेवटी विचारले. “चमचा,” मी म्हणाले, “टोपी,” आणि थांबले. तिसरा शब्द नव्हताच. जिथे तो ठेवला होता ती जागासुद्धा नव्हती. परतीच्या एसटीत मोखाड्याच्या स्टँडवर गाडी थांबली, पत्र्यावर पारवे बसले होते, आणि मी मोठ्याने म्हणाले, “पारवा!” शेजारच्या माणसाने घाबरून पिशवी जवळ ओढली.

डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांनी पुन्हा या. बाबा म्हणाले, “त्यानंतर ठरवू आई. तेव्हाही असंच झालं तर घर बंद करून तू इकडे यायचं. वाद नको.” मी वाद घातला नाही. तुमच्याजवळ राहायला मला आवडेलच. पण तुमच्या गावात मी कुणाचीही बाई नाही. इथे बाजारात नातवंडं असलेला माणूस मला बघून विडी पाठीमागे लपवतो. घर बंद करायचं की नाही हा प्रश्न माझ्या डोक्याच्या परीक्षेवर आला होता, आणि ती परीक्षा मला डॉक्टरांवर सोडायची नव्हती. मनातल्या मनात ठरवलं की ही चित्रं हाच माझा पेपर. डोळा आणि डोकं शाबूत असेल तर इथे दिसेल.

आणि पेपरात मला कमी गुण पडत होते.

त्या पानावर मध्ये मध्ये अशी चित्रं टाकतात ज्यांचं उत्तर त्यांना आधीच माहीत असतं. महिन्याभराने त्यांनी कळवलं: तुमच्या नजरेतून खरा ठिपका एकही सुटलेला नाही, आभार, मात्र खोट्यांपैकी बऱ्याच ठिपक्यांना तुम्ही ‘येस’ म्हटलं आहे. मी वही काढली. खरंच, पानंच्या पानं ‘हो’ने भरली होती. शेऱ्यात मीच लिहिलं होतं: ‘अंधुक, पण असू शकेल.’ ‘डाग वाटतो, तरी संधी द्यावी.’ ‘प्रयत्न चांगला.’ हे वाचून मला हसू आलं आणि मग हसू थांबलं. मी ताऱ्यांना मोखाड्याच्या मुलांसारखे गुण देत होते.

मोखाडा ही माझी पहिली नेमणूक. वर्गात सूर्यमाळहून आलेल्या दोन मुली होत्या. घरी त्यांची स्वतःची बोली, शाळेत मराठी, आणि वर माझं इंग्रजी. पहिल्या सहामाहीत त्यातल्या एकीने अख्खा पेपर कोरा ठेवून शेवटच्या ओळीत फक्त एक वाक्य लिहिलं होतं. त्याचा अर्थ ‘आमच्या पाड्यावर विहीर आटली’ असा असावा. क्रियापद जागेवर नव्हतं, काळ चुकला होता. मी लाल शाईने भोपळा काढायला निघाले, तेव्हा शेजारी बसलेले मुख्याध्यापक म्हणाले, “बाई, वाक्य कळलं का तुम्हाला?” मी म्हटलं, “कळलं, पण...” ते म्हणाले, “कळलं ना? मग शंकेचा फायदा पोरीला. आपल्याकडे शंका आली की मूल आपलं.”

ती माझी सवय झाली. पुढे बोर्डाचे पेपर तपासताना माझे गठ्ठे नियामकांकडे, म्हणजे आमचे गुण पुन्हा तपासणाऱ्यांकडे जात, तेव्हा शहरातले एक नियामक मला म्हणायचे, “आल्या जव्हारच्या अन्नपूर्णा! यांच्या पंगतीतून उपाशी कोणी उठत नाही.” ते हिरव्या शाईने माझे गुण कापायचे. मी पुढच्या वर्षी पुन्हा द्यायचे.

पण ताऱ्याला नापास होण्याचं दुःख नसतं. मी ठरवलं, आता कडक व्हायचं. खात्री नसेल तिथे ‘नाही’. मावशी दुपारी माझ्याजवळ खाली बसून काहीबाही निवडत असत आणि मान वर करून पडद्याकडे बघत. त्यांनी विचारलं, “बाई, आजकाल सगळ्यांना नाय नाय का करताय? काय केलं त्यांनी?”

“मी चुकत होते मावशी. भलत्यांना पास करत होते.”

“मंग करा की. तुमच्या बापाचं काय जातंय?”

“तिकडच्या लोकांचा वेळ जातो. मी हो म्हटलं की त्यांना मोठी दुर्बीण वळवून बघावं लागतं.”

“बघू देत. पगार घेतात ना?”

आता त्या दुपारचं सांगते. शेवटचं चित्र होतं, चाळिसावं. पिठाचा हात भिंतीला लागावा तशी पुसट, तिरकी दीर्घिका. तिसऱ्या चौकोनात तिच्या मध्याजवळ एक बारीक पांढरा ठिपका, पण त्याला काळी कड. अशी काळी कड बहुतेक वेळा चुकलेल्या वजाबाकीची असते, हे मला एव्हाना कळलं होतं. वहीत लिहिलं: ‘नाही. मध्याजवळचा डाग, वजाबाकी कच्ची.’

मावशी म्हणाल्या, “बाई, यो नवा हाय.”

“नाही हो. काळी कड बघा.”

“त्या तिसऱ्यात कशाला बघता? पहिल्या दोघांत बघा.”

मी म्हटलं, “मावशी, तुम्ही नागली निवडा.” अगदी या शब्दांत म्हटलं. ते मला चांगलं आठवतं, नाही आठवलं तर बरं होईल.

तेवढ्यात गॅसवाल्याने हाक मारली. मी उठले, त्याला सिलेंडर आत ठेवायला लावला, सही केली, शेगडी बंद आहे ना ते दोनदा पाहिलं. परत आले तर पडद्यावर ‘आजच्यासाठी धन्यवाद’ अशा अर्थाचं काहीतरी होतं. म्हणजे मी उठण्याआधी बटण दाबलं असणार, असं धरून लॅपटॉप मिटला.

बारा दिवसांनी ईमेलने पत्र आलं. ते खरंच पत्रासारखं लिहिलं होतं. अमुक दीर्घिकेतला ठिपका खरा निघाला, तो सुपरनोव्हा आहे, आणि त्याला सर्वांत आधी ‘येस’ म्हणणाऱ्या थोड्या लोकांत तुमचं खातं आहे, अभिनंदन. सोबत तेच तीन चौकोन होते. तिरकी दीर्घिका, मध्याजवळ ठिपका.

मी वही उघडली. माझंच अक्षर, माझीच निळी शाई. चाळीस. ‘नाही.’

मुलांनो, त्या क्षणी मला काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. पंखा फिरत होता, तो उलटा फिरतो आहे असं वाटलं. मी लिहिलं ‘नाही’ आणि दाबलं ‘येस’? मग हात कुणाचा होता? एका मिनिटाच्या अंतराने मी दोन वेगळी माणसं झाले होते आणि एकीला दुसरीचा पत्ता नव्हता. दूध विसरणं वेगळं. इथे मी काहीतरी केलं होतं आणि ते केल्याचं मला ठाऊकच नव्हतं.

दोन दिवस मी माझीच परीक्षा घेत राहिले. एका कागदावर घड्याळ काढलं, बरोबर आलं. शंभरातून सात वजा करत गेले, बरोबर आलं. मग वाटलं, बरोबर आलं हे तरी मला कसं कळणार? तपासणारी मीच. मावशींनी विचारलं, “बाई, पोट बिघडलंय का?” मी म्हटलं, “हो.” लिंबूपाणी आलं. ते प्यायले.

तिसऱ्या दिवशी बाबांना फोन लावला, तो हे सगळं सांगून टाकायलाच. पण हिंमत गोळा करायला म्हणून आधी पत्राचं सांगितलं, आणि ते इतके मोठ्याने ओरडले की फोन कानापासून लांब धरावा लागला. “आई! तू सुपरनोव्हा शोधलास? आणि मी तुझ्या डोक्याची काळजी करत बसलोय! हे पत्र डॉक्टरांना दाखवू आपण. झालं, संपला विषय!” मागून तुमचे आवाज येत होते, धाकटा टाळ्या वाजवत होता. ज्या चुकीमुळे मला घर बंद करावं लागेल असं वाटत होतं, तिच्याच जोरावर घर उघडं राहणार होतं. मी “हो का?” म्हणाले आणि फोन ठेवला. तुमच्या भाषणाची सुरुवात तिथली.

त्या दुपारी मी चित्रं उघडली नाहीत. मावशी म्हणाल्या, “आज शाळेला सुट्टी?”

मी म्हटलं, “मावशी, मला काही आठवत नाही हो. तो सिलेंडर आला तेव्हा मी बटण दाबून उठले, की न दाबता?”

“न दाबता.”

“तुम्हाला काय माहीत?”

“मी दाबलं ना.” आणि त्या सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकत्या झाल्या.

“तुम्ही? कुठलं?”

“डावीकडचं. तो बिचारा तसाच ताटकळत होता. तुमी तर दारात त्या गॅसवाल्याची उलटतपासणी करत होता. शंका आली की मूल आपलं, असं तुमीच म्हणता ना सारखं? मंग केलं आपलं.”

मला खूप हायसं वाटलं, इतकं की डोळ्यांत पाणी आलं. म्हणजे मी शुद्धीवर होते. लगेच दुसरं लक्षात आलं: म्हणजे मी चुकले होते. ठिपका समोर होता, मला दाखवूनही दिला होता, आणि मी तो नापास केला होता. मग मला रागही आला, पण तो कुणावर काढायचा ते समजेना.

“मला सांगितलं का नाही?”

“त्यात काय सांगायचं? रोज तर तुमी चाळीसदा दाबता.”

“आणि तुम्हाला तो नवा आहे हे कळलं कसं?”

यावर त्या जरा लाजल्या. मग त्यांनी सांगितलं ते असं. नागलीच्या रोपांत रान नागली उगवते. लहान असताना दोन्ही अगदी सारखी दिसतात; एकट्या रोपाकडे कितीही बघा, कळत नाही. “एकाकडं बघायचंच नाय. समदा वाफा बघायचा. काल कसा व्हता, आज कसा हाय. जे जादा वाटंल ते जादा.” लहानपणी आई त्यांना सकाळी एकदा वाफ्याकडे बघायला लावायची आणि दुसऱ्या दिवशी विचारायची, नवं कोण आलं? “तुमच्या त्या तिसऱ्या चित्रात निसतं उरलंसुरलं असतंय. मी ते बघतच नाय.”

मी इतके महिने उरल्यासुरल्याकडेच बघत होते.

मी त्या पानाच्या लोकांना रीतसर इंग्रजीत पत्र लिहिलं. ‘येस’ म्हणणारी व्यक्ती मी नसून माझ्या घरातली दुसरी स्त्री आहे, नोंद दुरुस्त करावी. त्यांचं उत्तर गोड होतं. आमच्याकडे फक्त खात्यांची नोंद असते, खात्यामागच्या माणसांची नसते, पण तुमचं पत्र आम्ही सगळ्यांनी वाचलं. नोंद दुरुस्त झाली नाही. म्हणून हे तुमच्यासाठी लिहिते आहे.

मध्यंतरी त्या ताऱ्याचा प्रकार ठरला. यातही मी गोंधळले, आणि यावेळी एकटी नव्हते. मोठ्या दुर्बिणीने त्याचा प्रकाश फोडून रंगांचा पट्टा करतात आणि त्यात हायड्रोजनची खूण आहे का ते पाहतात. नसली तर पहिला प्रकार, असली तर दुसरा. आपल्या ठिपक्यात होती, म्हणून दुसरा प्रकार असं जाहीर झालं. मी वहीत लिहिलं. काही आठवड्यांनी पुन्हा पाहिलं तर हायड्रोजन ओसरला होता आणि त्याच्या जागी हेलियम दिसत होता, म्हणजे तो पहिल्यासारखा दिसू लागला होता. मरणाऱ्या ताऱ्यावर हायड्रोजनची पातळ साय राहिलेली असावी, ती फाटून विरली आणि खालचं दिसू लागलं, असं त्यांनी समजावलं होतं. आता त्याला ‘दोन-बी’ म्हणतात. मी दुसऱ्यांदा खाडाखोड केली. माझ्या वहीत खाडाखोड होत नसे.

मावशींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “आमचं रेशनकार्ड आधी पिवळं व्हतं. मंग केशरी झालं. मंग परत पिवळं. माणसं तीच.”

तारखेच्या रकान्याचं तर मी अजून ठरवू शकलेले नाही. आम्ही चित्र पाहिलं तो दिवस मी तिथे लिहिला आहे. पण तो तारा फुटला तेव्हा जव्हार नव्हतं, माणूसही नव्हता. कोट्यवधी वर्षं तो उजेड वाटेत होता. मग त्याला नवा का म्हणायचं? मावशी म्हणतात, “आपल्या दारी आज आला ना? मंग पाव्हणा आजचा.” हे बरोबर आहे की चूक, ते मला सांगता येत नाही. थोरलीने तिच्या बाईंना विचारून बघावं.

डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी बाबांना फोन केला आणि सगळं सांगितलं. पत्र दाखवायचं नाही, असंही सांगितलं.

“म्हणजे तू नाही म्हणालीस.”

“हो. आणि सांगूनसुद्धा ऐकलं नाही.”

“ऐकत तर तू कधीच नव्हतीस, आई. तो काही म्हातारपणाचा दोष नाही.” मग म्हणाले, “पण हे मला सांगितलं नसतंस तर चाललं असतं की.”

“चाललं असतं. म्हणून सांगितलं.”

मावशी माझ्याबरोबर नाशिकला आल्या. डॉक्टरांनी घड्याळ काढायला लावलं, वजाबाकी करून घेतली, आणि तीन शब्द सांगितले: चमचा, पारवा, टोपी. तेच शब्द! शेवटी विचारल्यावर मी तिन्ही धडाधड सांगितले, आणि मग मला राहवलं नाही. म्हटलं, “डॉक्टर, हे मागच्याच खेपेचे शब्द आहेत. मी वहीत लिहून ठेवले होते. आज आठवले की तेव्हाचे पाठ होते, ते मला कळत नाही. गुण द्यायचे की नाही ते तुम्ही बघा.” डॉक्टर हसायला लागले. त्यांनी कागद बाजूला सारून वेगळे शब्द दिले. दोन आले. तिसऱ्याला मी बराच वेळ चाचपडले आणि तो आला, पण वेळ संपल्यावर आला.

“अर्धा गुण द्या,” मावशी खुर्चीतून म्हणाल्या.

डॉक्टरांनी बाबांना काय सांगितलं ते मला थोडंच ठाऊक आहे. विसरणं आहे, पण सध्या वाढलेलं नाही. एकटं फार वेळ ठेवू नका. सहा महिन्यांनी बघू. बाबांनी गॅसची शेगडी काढून विजेची, आपोआप बंद होणारी बसवून घेतली. मावशी आता शेवटच्या एसटीने जातात. घर तूर्त उघडं राहिलं. ते माझ्या डोक्यामुळे राहिलं की मावशींमुळे, याचं उत्तर माझ्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

आता मावशींचं वेगळं खातं आहे. त्या पहिल्या दोन चौकोनांकडे बघतात, मी तिसऱ्याकडे, आणि आमचं पटलं नाही की आम्ही दोन खात्यांवरून दोन उत्तरं देतो. गेल्या आठवड्यात त्या मला म्हणाल्या, “बाई, एकाला तरी पास करा, सणाचा दिस हाय.”

तो ठिपका विझत गेला. अलीकडच्या चित्रात तो मला दिसत नाही. मावशींनाही दिसत नाही, म्हणजे नसेलच. तिरकी दीर्घिका आहे तशी आहे. वही माझ्या टेबलावर आहे. चाळिसाव्या ओळीत निळ्या शाईतलं माझं ‘नाही’ मी खोडलेलं नाही, आणि त्याच्या शेजारी, नियामकाच्या हिरव्या शाईने, मावशींच्या चौथीपर्यंत शिकलेल्या हाताने लिहिलेलं ‘हो’ आहे.